सुळ्यांचा पहिला खेळ

शुक्रवारी सकाळी दहाचा खेळ, पण साडेआठपासूनच थिएटरसमोर ढोल बडवायला सुरुवात झाली होती. लोक आले होते हिरोला बघायला. अर्जुन आला होता, हिरोचे दात बघून लोक काय करतात ते बघायला. कारण ते दात त्याने केले होते!

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर अर्जुनची दातांची लॅब. दवाखान्यांतून मापं यायची, हा कवळ्या करून द्यायचा. बावीस वर्षं हाच उद्योग. आता कवळीचं कसं असतं बघा, चांगली झाली तर कुणाला कळत नाही आणि बिघडली तर अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणजे शाबासकीचा प्रश्नच मिटला. अर्ध्या म्हैसूरने याच्या कवळ्यांनी दोसे चावले, पण कवळी कुणी केली हे एकानेही कधी विचारलं नाही. अर्जुन तसं बोलून दाखवायचा नाही, पण त्याला ते लागायचं.

अशात गेल्या वर्षी रघूत्तम नावाचा तरुण दिग्दर्शक जिना चढून आला. साठ वर्षांपूर्वीचा एक कृष्णधवल सिनेमा तो नव्याने करत होता. त्यात कॉफीच्या मळ्यातला एक जमीनदार रात्री माणसांचं रक्त पितो. रघूत्तमला या जमीनदारासाठी बोटभर लांब, चकचकीत सुळे हवे होते. अर्जुनने आठवडाभर खपून केले ते भलतेच! साध्या माणसाचे असावेत तसे सुळे, जरासे खाली उतरलेले, डावा किंचित वाकडा, कडेला कॉफीचा पिवळा डाग.

"हे काय हो?" रघूत्तमचा चेहरा पडला.

"सर, लांब दात लावून माणसाला धड बोलता येत नाही, तो रक्त काय पिणार? हे खरे वाटतील. माझ्यावर सोडा."

हिरो भुवनने ते लावले, आरशात पाहिलं आणि काढायलाच तयार होईना. म्हणून रघूत्तमने मान तुकवली. पण मग ट्रेलर आला. त्यात सुळे दिसले निमिषभर आणि लोकांनी फोनवरून अशी काही टर उडवली की विचारू नका. हा चावणार आहे की चारा खाणार आहे, इथपर्यंत मजल गेली. रघूत्तमचा धीर सुटला. त्याने अर्जुनला स्पष्ट सांगितलं, पहिल्या खेळाला लोक हसले, तर सोमवारपासून सगळीकडे कॉम्प्युटरवर लांबवलेले सुळे. बेंगळुरूत पोरं तयारच बसली आहेत, एक फोन केला की झालं.

म्हणजे बावीस वर्षांत पहिल्यांदा अर्जुनचं काम जगाला दिसणार होतं, आणि तेही कदाचित तीनच दिवस. मग जीव टांगणीला लागणार नाही तर काय होईल?

थिएटरच्या दारात भुवनचा चाळीस फुटी कटआउट उभा होता. रंगवणाऱ्याने त्याला तलवारीएवढे सुळे काढले होते आणि वर चढलेले चाहते त्यावर दुधाच्या पिशव्या रिकाम्या करत होते. अंबुआत्या, म्हणजे अर्जुनच्या वडिलांची थोरली बहीण, मान वर करून ते बघतच राहिली. तिने शाळा बुडवून तो जुना सिनेमा अकरा वेळा पाहिला होता, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा!

"नोडु अर्जुना, बघ! असे पाहिजेत दात. तुझे म्हणजे सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे. भारी सभ्य!"

"आत्या, तो कटआउट आहे. त्याला कुणाला चावायचं नाहीये."

"हौदा? असं का? मग तुझ्यावाल्याने तरी चावून दाखवावं."

बायकोने, विद्याश्रीने, दंड धरून त्याला आत ओढलं. "अहो, सुम्ने, गुपचूप चला. भांडण घरी गेल्यावर."

आत नुसता जल्लोष! बाल्कनीतून कागदाचे कपटे उडत होते, शिट्ट्यांनी कानठळ्या बसत होत्या. नावं सुरू झाली. 'दात' या शब्दापुढे अर्जुनचं बारीकसं नाव आलं, तेव्हा विद्याश्री खुर्चीवर उभी राहून अशी ओरडली की मागचे चार जण कोण हा म्हणून बघायला लागले. अर्जुनला लाजेने आणि आनंदाने घाम फुटला. अर्ध्या तासाने मात्र त्याला बसवेना. सुळ्यांचा प्रसंग जवळ आला होता. तो उठला आणि पडद्याच्या बाजूच्या दारापाशी जाऊन, पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. समोर आठशे चेहरे. पलीकडच्या दारापाशी रघूत्तमही तसाच उभा होता, हातात फोन.

संगीत थांबलं. मागे भुवनचा आवाज आला, गोड, पाहुण्याला कॉफी विचारतो तसा. मग तो हसला असणार, कारण सगळ्या चेहऱ्यांवर पांढरा उजेड पडला.

कुणी हसलं नाही. पण कुणी ओरडलंही नाही. एक शिटी नाही, की साधी हाक नाही. मेलं, अर्जुन मनाशी म्हणाला, हसले असते तरी बरं होतं, ह्यांना तर काही वाटलंच नाही! रघूत्तमने फोन कानाकडे नेला.

तेवढ्यात अर्जुनला तिसऱ्या रांगेतला एक पोरगा दिसला. तोंड घट्ट मिटलेलं, आणि वरच्या ओठाखाली काहीतरी हळूहळू सरकत होतं. जीभ! तो स्वतःचा सुळा चाचपत होता. त्याच्या शेजारची मुलगीही तेच करत होती. त्यामागचे आजोबा, त्यांच्या मागची बाई, पोरं, कंडक्टर, कॉलेजातल्या मुली, रांगच्या रांग आपापले दात जिभेने तपासत होती. नवा दात बसवला की माणूस दिवसभर असंच करतो, हे अर्जुनपेक्षा कुणाला जास्त ठाऊक? अरे, ते भुवनचे दात बघत नव्हते, आपल्या तोंडात शोधत होते!

त्याने रघूत्तमकडे पाहिलं. फोन कानाशी तसाच, तोंड मिटलेलं, आणि वरचा ओठ उजवीकडे फुगलेला.

आणि मग थिएटर फुटलं! बाल्कनीतून किंकाळी उठली ती खालपर्यंत आली, कुणी पाय वर घेतले, कुणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं, आणि सगळ्यांच्या वर अंबुआत्याचा आवाज, "अय्यो देवा, ह्याला कुणीतरी आवरा रे!" रघूत्तम धावत आला, फोन तसाच बंद करून त्याने अर्जुनला कडकडून मिठी मारली. विद्याश्री खुर्च्यांमधून वाट काढत आली. तिचे डोळे भरले होते.

"अहो, कसले दिसले! पाहिलेत ना?"

अर्जुन गर्रकन वळला. पडद्यावर सकाळ झाली होती आणि दोन पोलीस चहा पीत होते.

"नाही ना!" तो म्हणाला, आणि डोळे पुसत असा खदखदून हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "मीच तेवढा राहिलो. दुपारची तिकिटं काढ, पुढच्या रांगेतली."