सोबतीला एक बाई

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री मारून आई घरी आली, तर टिल्लू दिवा न लावता पडलेली. नाव टिल्लू, पण पोरगी बापापेक्षा उंच. शाळेच्या हँडबॉल संघाची गोलकीपर. काय झालं विचारलं तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवायला ये म्हटलं तर पांघरूण डोक्यावरून घेतलं. शेवटी आईने अंगावरचं पांघरूण ओढलं, तेव्हा ती उसळून उठली.

"तू नाही म्हणालीस ना? मग आता कशाला विचारतेस?"

आईला कशाचाच पत्ता नव्हता. मग रडत, नाक पुसत एकेक बाहेर आलं. परगावी स्पर्धा होती, मुक्कामाची. मुलींचा संघ न्यायचा तर सोबत एक बाई हवी, असा शाळेचा नियम. शिक्षिका कोणी मोकळी नव्हती, म्हणून सरांनी घरोघरी विचारलं, आणि एकही आई तयार झाली नाही. झालं, संघाचं नाव काढून घेतलं. मुलांचा संघ मात्र उद्या सकाळी निघणार. त्यांना सोबत लागत नाही. ते काय बाबा, जन्मतःच शहाणे!

सकाळी कामाला दांडी मारून आई शाळेत धडकली. सर बसमध्ये चेंडूंच्या पिशव्या चढवत होते आणि मागची अर्धी बस रिकामी होती. ते बघूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कधी विचारलंत, असं तिने सरळ विचारलं. सर माणूस वाईट नव्हता, पण गडबडला. म्हणाला, शाळेकडे वडिलांचेच नंबर असतात, त्यांनाच फोन केले. आमच्या हिला जमणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. आता नाव परत घालता येणार नाही, मुलींच्या जागी दुसरी शाळा घेतलीसुद्धा. एवढ्यावर थांबला असता तर बरं, पण वर समजूत काढायला गेला.

"बायकांनाच आवड नसते हो. आपण तरी काय करणार?"

"बायकांना विचारलंय कोणी?"

हे ती एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की पोरं खिडक्यांशी गोळा झाली. सरांनी घड्याळाकडे बघितलं, ड्रायव्हरला खूण केली आणि बस गेली. फाटकाशी उभी राहून तिने सरांचा, शाळेचा आणि त्या नियमाचा मनातल्या मनात उद्धार केला, पण नवऱ्याचा राखून ठेवला.

संध्याकाळी नवरा टायरचं दुकान बंद करून आला, हातपाय धुतले आणि मॅच लावून बसला. तिने टीव्ही बंद केला. टिल्लूला समोर बोलावलं आणि त्याला म्हणाली, सांगा हिला, मी नाही म्हणाले का ते. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग सारवासारव सुरू केली. तुझी रजा, घरचं जेवणखाण, तुझी कंबर. तुला त्रास नको म्हणून परस्पर सांगून टाकलं. तिची कंबर! गेल्या वर्षी थोरला फुटबॉलला गेला तेव्हा या कंबरेची आठवण कोणाला झाली नव्हती. त्याची बॅग तिनेच भरली होती आणि परत आल्यावर चिखलाचे मोजेही तिनेच घासले होते.

"मी हो म्हणाले असते," ती कडाडली, "म्हणूनच विचारलं नाहीत तुम्ही."

नवरा रिमोट चाचपत बसला. टिल्लूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईकडेच बघत होती.

"सरांनी तुलाच फोन केला असता तर?" तिने विचारलं. "काय म्हणाली असतीस? खरं सांग."

आता यात विचारायचं काय, असं म्हणायला आईने तोंड उघडलं. पण लाँड्रीत वाजणारा फोन तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्यावर बोलणारा स्वतःचा मऊ, आज्ञाधारक आवाजही ऐकू आला. नवऱ्यावरचा राग काही कमी झाला नव्हता. पण आता स्वतःचीही अशी चीड आली की कानशिलं तापली. पोरीशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"यांना विचारून सांगते, म्हणाले असते."

"मग सरांचं काय चुकलं?" टिल्लू म्हणाली.