बोलावणं

हिरवा ठिपका. नावाच्या डाव्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो हिरवा असणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती – सल्लागार कंपनीच्या त्या तक्त्यात हिरवा म्हणजे मोकळा, मोकळा म्हणजे अजून कुठल्याच प्रोजेक्टवर न घेतलेला माणूस, आणि राजनंदिनीच्या बरोबर नोकरीला लागलेल्या बहुतेकांचे ठिपके केव्हाच लाल झाले होते. लाल व्हायला माणसं धडपडतात अशी ही एकच जागा असेल, तिच्या मनात आलं, आणि तिचं तिलाच हसू आलं. घाबरावं असं तिला अजून तरी वाटत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये दर ठरवण्याचं गणित – दवाखान्याने कुठल्या तपासणीला किती आकारावं, कुणाला सूट द्यावी आणि तरी तोट्यात जाऊ नये – तिच्याइतकं नेटकं कुणी मांडलं नव्हतं, आणि हे सगळ्यांनी बघितलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं तसलंच काम आता येऊ घातलं होतं. ते आपलंच. आपल्याकडे न येऊन जातंय कुठं...

प्रोजेक्ट नसलेल्यांनी घरून काम केलं तरी चालतं, म्हणून ती पुण्याहून सोलापूरला आली होती. काम कसलं, वाट बघणं. पुढच्या खोलीत आप्पांचं घोंगड्यांचं दुकान, मधल्या खोलीत तिचा लॅपटॉप. आई सांगोल्याला मामाच्या घरी लग्नाला गेलेली. पंखा गरम वारा खाली ढकलत होता आणि बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी दखनी हिंदीत हुज्जत घालत होतं.

तिच्याबरोबरचा अभिमन्यू पहिल्या दिवसापासून या नाही तर त्या मॅनेजरला फोन लावायचा – सर, मला घ्या. मॅडम, मी शिकेन. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात ते काही खोटं नाही, गडी आठवड्याच्या आत बँकेच्या कामावर. राजनंदिनीने एकही फोन केला नव्हता. जमलं नसतं असं नाही, पण तिच्या घरात ती रीतच नव्हती. आप्पा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा – ती एवढीशी, घोड्यावर बिऱ्हाडाच्या बोचक्यांमध्ये बसवलेली – गाव आलं की कळप शिवेवर थांबायचा आणि आप्पा झाडाखाली पटका सैल करून बसायचे, नुसते बसायचे, आणि मग शेतकरी आपण होऊन येत, पाव्हणं, आज रात्री आमच्या रानात मेंढरं बसवा, खत होईल, ज्वारी घ्या. जो मागायला गेला त्याच्या कळपाचा भाव पडला, असं आई सांगायची. मागायचं नाही. आपला कळप चांगला असला की लोक येतात. लोक येत... आणि नोकरीतही ती तशीच झाडाखाली बसली होती, एवढंच.

फोन आला तो उत्कर्षाचा. कुणाला कुठल्या कामावर धाडायचं हे तीच ठरवायची. कामाची बाई, बोलणं घोड्यावर बसल्यासारखं. दुधनी-अक्कलकोटच्या पट्ट्यात एक डेअरी आहे, गावोगावी जाऊन दूध घालणाऱ्यांशी बोलायचंय, मराठी हवं, कानडी आलं तर सोन्याहून पिवळं, आणि तू तर तिकडचीच, म्हणजे प्रश्नच मिटला. चारपर्यंत हो म्हणून कळव. हॉस्पिटलच्या कामाचं काय, हे राजनंदिनीच्या जिभेवर आलं होतं, पण तोंडातून निघालं, बघते.

बघायचं काय त्यात? दुधनी वाईट नव्हती. ती तिथे उत्तम काम करणार, बायका तिला ओट्यावर बसवून घेणार, चहा पाजणार, अहवाल झकास होणार – आणि दुखणं तिथेच होतं. एकदा का तो शिक्का बसला की ऊस आला, राजनंदिनीला बोलवा. शेळ्या आल्या, राजनंदिनीला बोलवा. मग गणित कोण करणार? अभिमन्यू. त्याच्या गावाचं नाव त्याला कुणी विचारलं होतं का? मला घेतलं ते माझ्या डोक्यासाठी, का माझ्या आईच्या कानडीसाठी? तिला राग आला, चांगला सणसणीत राग आला, आणि त्या रागात ती उठून पुढच्या खोलीत गेली.

आप्पा घोंगडीची दशी वळत बसले होते. तिने सगळं सांगितलं. कंपनी, डेअरी, हॉस्पिटल. आप्पांना दुधनी तेवढी कळली. त्यांचा चेहरा उजळला.

"बोलावनं आलंय न्हवं?" ते म्हणाले. "मग जायाचं. आलेलं बोलावनं टाकू न्हाय."

झालं. यापुढे त्या घरात बोलायला जागा नव्हती. ती मधल्या खोलीत आली, दार लोटलं, आणि विचार करत बसलं तर फोन राहूनच जाईल हे ठाऊक असल्यामुळे तिने विचार केलाच नाही. उत्कर्षाला फोन लावला. डेअरीवर मला घालू नका, ती म्हणाली, मला हॉस्पिटलचं काम हवंय, ते मला येतं, ट्रेनिंगमधलं माझं काम काढून बघा. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पलीकडे उत्कर्षा पहिल्यांदाच थांबली.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" ती म्हणाली. रागाने नाही, खरंच नवल वाटून. "मला वाटलं, तुला काहीही चालतं."

पुढचं तिने सांगितलं ते सरळ होतं – हॉस्पिटलवाल्यांना विचारते, शब्द देत नाही; डेअरी आता दुसऱ्याला जाईल; कदाचित अजून महिनाभर बसावं लागेल. बसेन, राजनंदिनी म्हणाली. फोन बंद झाला.

तिला काहीही चालतं. म्हणजे ज्याला ती मान समजत होती, ताठ कणा समजत होती, ते तिकडून बघणाऱ्याला असं दिसत होतं? झाडाखाली बसलेल्या माणसाकडे शेतकरी यायचे ते त्याचा मान राखायला यायचे... की याला कुठलंही रान चालतं म्हणून? तिला हे कधी सुचलंच नव्हतं. मागितल्याची लाज वाटेल, अंगावर काटा येईल, असं तिला वाटलं होतं. त्यातलं काही झालं नाही. उलट छाती मोकळी झाली होती, आणि त्या मोकळ्या जागेत कसलीतरी नवीच काळजी येऊन बसली होती, आणि ती स्वतःची नव्हती.

ती पुढच्या खोलीत आली. कळप विकून या खोलीत बसायचं, हे काकांनी ठरवलं होतं. घोंगड्यांचा धंदा मामाने सुचवला होता. आप्पा हो म्हणाले होते. आप्पा नेहमीच हो म्हणायचे.

"आप्पा, जेवायला काय करू?"

"काय बी चालंल."

रोजचंच उत्तर. रोज ती या उत्तरावर वळायची आणि हाताला येईल ते करायची. आज तिचा पाय उंबऱ्यात अडला.

"चालंल आसं न्हाय, आप्पा. तुमाला काय पायजे?"

आप्पांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग बाहेरच्या उन्हाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांना सांगायचं नाही असं नव्हतं. ते शोधत होते. हॉस्पिटलचं काम मिळेल की नाही, कोण जाणे. पण आप्पांना उत्तर सापडेपर्यंत आपण इथून हलणार नाही, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती, आणि ते सापडणारच नाही की काय, ही भीती घेऊन ती उंबऱ्यावरच बसली.