बेचाळिसावं मशीन

ऑफिसात त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. शिकलेला इंजिनियर, सगळे सर्व्हर त्याच्या ताब्यात. पण खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, आणि कुठे काम अर्धवट दिसलं की याचा जीव वरखाली. भिंतीवरून एखादी वायर तिरकी गेलेली दिसली तर ती सरळ केल्याशिवाय डबा उघडायचा नाही. अशा माणसाला ‘तूर्तास काहीतरी करून टाक’ म्हणणं म्हणजे शिवी देण्यासारखंच. त्याच्या या नीटनेटकेपणाचं घरीदारी कौतुक होतं. कौतुक करणाऱ्यांना काय माहीत!

ऑफिस भूजलाचं. विहिरींचं पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. एकतीस वर्षं पायाला भिंगरी लावून हे काम जिने केलं ती बाई त्याची सासू. दोनशे तेरा विहिरी, प्रत्येकीवर वर्षातून चार फेऱ्या. टेप आत सोडायची, कुठवर भिजली ते बघायचं, डायरीत आकडा लिहायचा. निवृत्त झाल्यावरही बाई घरी बसली नाही. सहा वर्षं रोज ऑफिसात येऊन तिने त्या डायऱ्या एका बोटाने टाइप केल्या. टाइप झालेल्या डायऱ्या रद्दीत गेल्या, कारण साहेबांना कपाटं रिकामी हवी होती. “संगणकात आलंय ना सगळं? मग हा कचरा कशाला?” असं म्हणून ते मोकळे झाले.

म्हणजे एकतीस वर्षांचं पाणी आता एकाच ठिकाणी होतं, व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत, बाईंच्या टेबलाखालच्या जुनाट मशीनमध्ये. आणि महिनाभरापासून ते मशीन करकर आवाज करत होतं.

“जावईबापू, हे दातओठ खायला लागलंय बघा,” बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने खाली वाकून कान लावला. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

“आई, एक करा. हे अजिबात बंद करू नका. एकदा थांबलं तर परत फिरेल याचा भरवसा नाही. आपला क्लाउड उभा राहतोय. पंधरा दिवस कळ काढा, मग तुमचा प्रत्येक आकडा तीन-तीन ठिकाणी राहील.”

क्लाउड म्हणजे काही आभाळातली गोष्ट नव्हती. तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत एक्केचाळीस सर्व्हर आले होते. ते एकमेकांना जोडून एकच असल्यासारखे वागवायचे, म्हणजे एखादा मेला तरी बाकीचे सांभाळून घेतात. ऑफिसचा स्वतःचा, खासगी क्लाउड.

घरी बायकोने वेगळंच काढलं. “साध्या बाहेरच्या डिस्कवर का नाही उतरवून घेत? तासाभराचं तर काम.”

“बाहेरची डिस्क लावायला मनाई आहे. परवानगी काढावी लागेल. आणि असलं तात्पुरतं करून ठेवलं ना, की तेच कायमचं होऊन बसतं.”

“अरे, माझं अख्खं लहानपण त्या विहिरींनी खाल्लं. शाळेच्या एका कार्यक्रमाला आई आली नाही. कुठल्या ना कुठल्या विहिरीवर असायची. निदान ते आकडे तरी जगू देत.”

“जगतील गं,” तो म्हणाला. परवानगीचा अर्ज एका पानाचा होता. तो त्याने भरला नाही.

आता प्रश्न असा की एक्केचाळीस मशीनवर सगळी यंत्रणा चढवायची कशी. हाताने चढवायची तर वर्ष जाईल. त्यासाठी तयार टूल मिळतात, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं हे मिस्त्रीने ठरवायचं होतं. चाचण्या घेऊन घेऊन शेवटी दोन उरली. पहिलं टूल भलतंच चौकस. प्रत्येक मशीनची ओळख हाताने लिहून द्या, मग ते प्रत्येक वेळी थांबून विचारणार, हे पुसू का? नक्की? दुसऱ्याला विचारायचं माहीतच नव्हतं. त्याच्या नेटवर्कवर जे मशीन सुरू होईल ते त्याने धरलं, कोपरान् कोपरा शून्यं लिहून पुसलं आणि नव्याने उभं केलं. पहिल्याला पाच आठवडे लागणार होते, दुसऱ्याला एक दुपार.

मिस्त्रीचं मन पहिल्याकडे होतं. दोन्हींच्या तुलनेच्या तक्त्यात दुसऱ्यापुढे ‘तोटे’ या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, नको ते मशीनही धरेल, नेटवर्क वेगळं ठेवावं. पण एका सकाळी बाईंचं मशीन असं किंचाळलं की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. पाच आठवडे ते टिकणार नव्हतं, हे कुणीही सांगितलं असतं. त्याने तक्ता पुन्हा उघडला. ‘मशीन आपोआप ओळखणे’ या ओळीत दुसऱ्या टूलला दहापैकी दहा दिले. ‘पूर्ण पुसणे’ला दहापैकी नऊ. साहेबांनी त्याच दिवशी सही केली.

त्या संध्याकाळी त्याने आणखी एक काम केलं. बाईंच्या खोलीपासून थेट सर्व्हरच्या खोलीपर्यंत एक वायर ओढली, क्लाउड उभा राहिला की आकडे मिनिटांत खाली यावेत म्हणून. भिंतीच्या कडेने, वीतभर अंतरावर एकेक क्लिप ठोकत, अगदी ओळंब्यात. टोक बाईंच्या मशीनला जोडलं आणि लांबून न्याहाळलं. देखणं काम झालं होतं.

तक्त्यातलं वाक्य त्याला आठवलं नाही. आपल्याच हाताने लिहिलेलं वाक्य!

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, कामासाठी ऑफिसची वीज दोन तास बंद होती. मिस्त्रीच्या ते पथ्यावरच पडलं. वीज गेली की बाईंचं मशीनही थांबणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. वीज परत आली की सगळी मशीन एकदम जागी होतील आणि टूल त्यांना ओळीने धरेल. एक वाजता दिवे लागले, पंखे घोंघावले, पडद्यावर आकडा चढायला लागला. सात. एकोणीस. तेहेतीस. चारच्या सुमाराला एक्केचाळीस. त्याने मांडीवर थाप मारली. इतकं बिनबोभाट काम त्याच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

मग आकडा आणखी एकाने पुढे गेला. ‘बेचाळीस मशीन तयार. चुका शून्य.’

आधी त्याला वाटलं, टूल मोजायला चुकलं. त्याने रॅकमधली मशीन बोटाने मोजली. एक्केचाळीस. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना त्याचं बोट मध्येच थांबलं, आणि तो जिन्याकडे धावला.

बाईंची खोली रिकामी होती. टेबलाखाली डिस्क करकर करत होती. मेली नव्हती, चांगली फिरत होती. फक्त तिच्यावर आता काही नव्हतं. पडद्यावर एकच ओळ होती. ‘मशीन क्रमांक ४२. सूचनेची वाट पाहत आहे.’

तो तिथेच फरशीवर बसला. वायर उपटून काढली, हे आता कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. रविवारभर त्याने जे जे करता येतं ते केलं. पुसलेल्या डिस्कमधून माहिती परत काढणाऱ्या माणसाकडेही ती नेली. त्या माणसाने तासभर बघून विचारलं, “कुठलं टूल होतं? फार छान पुसलंय.”

सोमवारी क्लाउड उभा राहिला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. तिथून निघून तो व्हरांड्याच्या टोकाला गेला. काय बोलायचं ते त्याने घोकून ठेवलं होतं. वायर मी ओढली, टूल मी निवडलं, डिस्क मी उतरवून घेतली नाही.

“आई, आकडे गेले,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“कुठल्या सालचे?”

“सगळे. वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं आणि क्लाउडच्या टूलने ते पुसलं.”

बाई रडल्या नाहीत. त्या रिकाम्या पडद्याकडे वळल्या.

“शाळेमागच्या विहिरीचा पहिला आकडा सहा मीटर चाळीस,” त्या म्हणाल्या. “दुसरा...” ओठ हलले, पण दुसरा आला नाही. मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. “एक विचारू का हो? विजेची नोटीस आली होती. सगळ्यांनी आपापली मशीनं भिंतीवरच्या बटणापासून बंद करून जा, असं त्यात होतं. तुम्ही बंद करू नका म्हणालात, पण ते आधी. नोटीस नंतरची. मी बटण बंद करून गेले असते तर वीज आल्यावर हे सुरूच झालं नसतं. हो ना?”

त्याने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. घोकलेलं सगळं जिभेवर होतं. आणि त्याला दिसलं की समोर एक दार उघडं आहे, आणि बाईंनी ते स्वतःहून उघडलंय.

“हो,” तो म्हणाला. “तेवढं झालं असतं तर वाचलं असतं.”

बाईंनी मान डोलावली. “वाटलंच मला,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातावर हात ठेवला. “मग तुम्ही कशाला असं तोंड पाडून उभे? तुम्ही तर माझ्यासाठी वायर ओढलीत.”

त्यांनी फोन काढला, मुलीला लावला. आवाज अगदी साधा होता. “अगं, गेलं सगळं. नाही, ते काय करणार? माझ्याच हातून गेलं. बटण चालू ठेवून गेले मी मूर्खासारखी.” पलीकडून बायको चिडून काहीतरी बोलत होती, ते त्यालाही ऐकू येत होतं. शेवटी बाईंनी फोन त्याच्यापुढे धरला.

अजून वेळ होती. त्याने फोन कानाला लावला.

“जाऊ दे ना,” तो बायकोला म्हणाला. “आईंना नको बोलूस काही.”