लिंबूटिंबू

"आजोबा, मला आऊट करा ना," चैतन्य म्हणाला.

फक्कीने आखलेल्या चौकोनाच्या रेषेवर तो येऊन उभा राहिला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, गाल लाल. गुणवंतराव कट्ट्यावर बसून खेळ बघत होते. त्यांना वाटलं, पोरगं लाडात आलंय.

"लिंबूटिंबू आऊट होत नसतो रे," ते हसून म्हणाले आणि पाठीवर थाप मारून त्यांनी त्याला परत आत ढकललं.

नोव्हेंबरातला गुरुवार, दुपारचे चार. नोएडातल्या त्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत सहा मुलं लंगडी खेळत होती. एकावर राज्य. त्यानं एका पायावर लंगडत बाकीच्यांना शिवायचं. ज्याला शिवलं तो बाद, त्यानं चौकोनाबाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचं. सगळे बाद झाले की राज्य दुसऱ्यावर. एवढाच खेळ. याला बॅट लागत नाही आणि चार्जरही लागत नाही, असं गुणवंतराव लिफ्टमध्ये भेटेल त्या आईबापाला ऐकवत.

हवेपायी शाळा सोमवारपासून बंद होत्या. प्रदूषणाचा आकडा चारशेच्या वर गेला होता. मुलांना बाहेर सोडू नका, असा सोसायटीच्या कमिटीचा मेसेज आला होता, त्यावर सगळ्यांनी अंगठ्याचे इमोजी टाकले होते आणि दुपारी ऑनलाइन तास संपल्यावर तीच मुलं खाली आली होती. दिल्लीत असंच चालतं. माणूस सकाळी आकडा बघतो, अरेरे म्हणतो आणि भाजी आणायला बाहेर पडतो. गुणवंतरावांनी या शहरात बेचाळीस वर्षं काढली होती. गार्डने मास्कबद्दल विचारलं की ते म्हणत, "भैया, मेरे फेफड़े सरकारी हैं." गार्ड रोज हसायचा.

त्यांची चौतीस वर्षं एका मंत्रालयाच्या डिस्पॅच सेक्शनमध्ये गेली. आलेलं टपाल नोंदवायचं, गेलेलं टपाल नोंदवायचं. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला. बायको गेल्यावर सरकारी वसाहतीजवळची भाड्याची जागा सोडून ते मुलाकडे, जयेशकडे, नोएडाला आले. जयेश आणि सून सकाळी आठला कॅबने जात, रात्री आठला येत. बाराव्या मजल्यावर दिवसभर बसून बसून गुणवंतरावांना आपण कुणी न नोंदवलेलं टपाल आहोत असं वाटायला लागलं. मग एके दिवशी बांधकामावरून चुन्याची पिशवी उचलून आणून त्यांनी मागच्या जागेत चौकोन आखला. दोन वर्षांत सोसायटीतली निम्मी मुलं लंगडी, लगोरी आणि विषामृत शिकली. सगळी त्यांना 'आजोबाजी' म्हणत. आजोबा म्हणजे नेमकं काय हे त्या गुरुवारच्या सहांतल्या पाच जणांना ठाऊक नव्हतं, म्हणून जोडीला 'जी'.

सहावा चैतन्य. शेजारच्या फ्लॅटमधला, सात वर्षांचा, मराठी घरातला. वडील अंशुमन केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन गुवाहाटीला. आई संपदा घरूनच काम करायची, दिवसभर कानाला हेडफोन. चैतन्य हडकुळा होता, थंडीत त्याच्या छातीत घरघर व्हायची. खिशात कायम दम्याचा निळा पंप असायचा. धावण्यात तो सगळ्यांत मागे. राज्य कुणावरही असो, पहिला बाद चैतन्य. मग कट्ट्यावर बसून मुसमुसत राहायचा आणि घरी जाऊन जेवायचा नाही.

आठवड्यापूर्वी संपदाने गुणवंतरावांना दारातच गाठलं होतं. हेडफोनचा माईक हाताने झाकून ती म्हणाली, "काका, त्याला जरा सांभाळून घ्या ना. रोज रडत येतो. तुमचं ते असतं ना, लहान मुलांना आऊट नाही करत, तसं काहीतरी करा. प्लीज."

"लिंबूटिंबू," गुणवंतराव म्हणाले.

"हां, तेच. बिल्कुल विसरले होते मी. तसंच करा."

त्यांना मनापासून आनंद झाला होता. अमरावतीला वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते स्वतः लिंबूटिंबू होते. काडीपैलवान. मोठी मुलं खेळायला घेत, पण कच्चं ठेवत. शिवलं तरी बाद नाही, चुकलं तरी माफ. आयुष्यात पुढे कुणी त्यांना एवढी सूट दिली नाही, ना ऑफिसात, ना घरात. ती सूट या पोराला आपण द्यायची, या विचाराने त्या दिवशी ते दोन मजले जिन्याने चढले.

आणि खरंच चैतन्य बदलला. कुणी शिवलं तरी दात काढत पळत राहायचा. "मी आऊटच होत नाही!" असं सगळ्या सोसायटीला सांगत सुटला. संपदाने एकदा दारातून मेथीचे पराठे दिले आणि म्हणाली की आता दोन दोन पोळ्या खातो.

त्यात एक गोष्ट होती. ती गुणवंतरावांच्या ध्यानात यायला हवी होती, पण आली नाही. बाद झालेलं मूल बसतं. पाणी पितं, दम खातं. त्या सहांतली पीहू बसायची, तिचा भाऊ बसायचा, सगळे आळीपाळीने कट्ट्यावर टेकायचे. चैतन्यला बसायची सोयच उरली नव्हती. अमरावतीच्या हवेत त्यानं काही बिघडलं नसतं. त्या गुरुवारी मात्र समोरच्या टॉवरचे वरचे मजले दिसत नव्हते. तीन राज्यं झाली, तिन्हीत तो एकटा न थांबता पळत होता. शेवटी चौकोनात तोच उरला की राज्य संपवायचं सोडून त्याला पळवत ठेवण्यात सगळ्यांना आणखीच मजा यायची. चौथं राज्य पीहूवर आलं, तेव्हा तो रेषेवर येऊन म्हणाला होता, मला आऊट करा ना.

परत आत गेल्यावर तो फार तर दोन मिनिटं पळाला. मग मधोमध बसला. पीहू लंगडत जवळ गेली, तिने त्याच्या डोक्याला हात लावला आणि पाय खाली टेकवून आजोबाजींकडे बघितलं. नेहमीसारखं 'शिवलं!' म्हणून ती तेव्हा ओरडली नाही, हे गुणवंतरावांना नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

पंप खिशात होता. तो किती वेळा दाबायचा ते त्यांना माहीत नव्हतं. दोनदा दाबला, मग आणखी दोनदा. चैतन्यचे ओठ पंपासारखेच निळे दिसायला लागले होते. गार्डने गाडी काढली. संपदा अनवाणी खाली आली, हेडफोन गळ्यातच, आणि कुणीतरी त्यातून तिला अजून हाका मारत होतं.

शनिवारी सकाळी चैतन्य गेला.

सगळे म्हणाले, हवा. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी वॉर्डात अशी अकरा मुलं होती. कमिटीने ग्रुपवर दुःख व्यक्त केलं, त्यातही हवेचंच नाव होतं. एका चॅनेलचा माणूस गेटवर येऊन गेला, तो विचारत होता तेही हवेबद्दलच. गुणवंतरावांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट अंशुमनने स्मशानात त्यांचा हात धरून म्हटलं की काका, तुम्ही होतात म्हणून निदान लगेच नेता आलं. जयेश घरी म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. मुलं खेळणारच ना यार." त्यांनी मान हलवली. हवेला दोष मिळतोय याचं आपल्याला बरं वाटतंय, हे त्यांना कळत होतं, आणि त्या बरं वाटण्याची त्यांना इतकी शरम वाटत होती की आरशासमोर दाढी करणं त्यांनी सोडून दिलं.

रोज सकाळी उठून ते ठरवत, आज सांगायचं. तुमचा मुलगा मला म्हणाला होता, आऊट करा. मी हसलो. सांगितलं की संपदा काय करेल ते करो, शिव्या देवो, पोलिसात जावो. सहा पावलांवर तिचं दार होतं. दारापर्यंत जाऊन ते परत येत.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. अंशुमन आईला स्टेशनवर सोडायला गेला होता. संपदाने जयेशच्या हाती निरोप धाडला की काकांना जरा पाठवाल का.

ते गेले. हॉलमध्ये एअर प्युरिफायर घरघरत होता. संपदा सोफ्यावर बसली होती, मांडीवर चैतन्यचा स्वेटर. तिने पाणी दिलं, चहा विचारला, ते नको म्हणाले. आता सांगायचंच म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात पीहू उभी होती, हातात चैतन्यची पाण्याची बाटली. बाटली त्या दिवशी कट्ट्यावर राहिली होती, पीहूच्या मम्मीने द्यायला सांगितली होती. संपदाने बाटली घेतली. आतलं पाणी तसंच होतं, भरलेलं. बाटलीकडे बघत ती परत सोफ्यावर बसली. पीहू दाराशीच थांबली.

"काका, मला एकच सांगा," संपदा म्हणाली. "मीच तुम्हाला सांगितलं होतं, त्याला आऊट करू नका म्हणून. मी रोज तोच विचार करते. त्या दिवशी तो बसला होता ना? का सगळा वेळ पळत होता?"

गुणवंतरावांनी तिच्याकडे बघितलं. चौदा दिवस त्यांनी हे एकट्याचं ओझं म्हणून वाहिलं होतं. त्याचं दुसरं टोक तिच्या हातात आहे हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. खरं सांगितलं तर आपण मोकळे होऊ आणि ही बाई जन्मभर ते दारातलं एक वाक्य घेऊन बसेल. ती भरलेली बाटली समोरच होती. काही बोलायला हवं होतं आणि लगेच बोलायला हवं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी त्याला लिंबूटिंबू ठेवलंच नव्हतं. पहिल्याच राज्यात आऊट झाला. माझ्याजवळ कट्ट्यावर बसला होता बराच वेळ."

"पाणी नाही प्यायला?"

"माझ्या बाटलीतलं प्यायला."

संपदाने डोळे मिटले. तिचे खांदे थोडे खाली आले. मग तिने हळूच विचारलं, "रडला का?"

यावरही उत्तर द्यायचं होतं. जो पोरगा आठवडाभर राजासारखा फिरला, मी आऊटच होत नाही म्हणून नाचला, त्याला त्यांनी त्याच्या शेवटच्या खेळात पहिल्या फटक्याला बाद केलं होतं. आता रडवायचंही त्यांनीच.

"थोडासा," ते म्हणाले. "नेहमीसारखा."

संपदा तोंडावर स्वेटर धरून रडायला लागली. चौदा दिवसांत ती अशी रडली नव्हती. गुणवंतराव तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. हे खोटं आपण तिच्यासाठी बोललो की स्वतःसाठी, हे त्यांचं त्यांनाच कळेना. शोधायला गेले तर दोन्ही सापडत होतं.

बाहेर आले तर पीहू लिफ्टपाशी होती. दहा वर्षांची मुलगी, दोन वर्षं त्यांच्या हाताखाली खेळलेली. मराठी तिला बोलता येत नसे, पण कळायचं बरंच. घरी जावंसं वाटेना म्हणून गुणवंतराव तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. नववा मजला गेला, आठवा गेला.

"आजोबाजी," ती म्हणाली, "चैतन्य तो आउट हुआ ही नहीं था."

त्यांनी लिफ्टच्या बटणांकडे तोंड फिरवलं.

"उसने बोला था आपको, मुझे आउट कर दो. मैंने सुना था."

"नहीं बेटा," गुणवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "हुआ था आउट. तुम्हें याद नहीं."

पीहूने त्यांच्याकडे नीट बघितलं. बाद झाल्यावर जो मान्य करत नाही, जो रेषेवर पाय देऊन नाही म्हणतो, त्याला काय म्हणायचं हे याच माणसाने तिला शिकवलं होतं. हिंदीत तसा शब्द तिला कधी सापडला नव्हता, म्हणून सगळी मुलं तोच मराठी वापरत.

"ये रडी है," ती म्हणाली. रागाने नाही. खेळात सांगतात तसं सांगितलं आणि लिफ्ट उघडल्यावर निघून गेली.

ती आईला सांगेल, आई संपदाला सांगेल, किंवा कुणीच कुणाला काही सांगणार नाही. गुणवंतराव चालत मागच्या जागेत आले. आकडा आजही चारशेच्या आसपास असावा. खाली एकही मूल नव्हतं. पंधरा दिवसांत चौकोनाच्या तीन बाजू पुसट झाल्या होत्या, कट्ट्याकडची तेवढी शाबूत होती. मधोमध, जिथे चैतन्य बसला होता, तिथे कुणाची तरी स्कूटर लावलेली होती.

ते रेषा ओलांडून पलीकडे गेले नाहीत. कडेकडेने आले आणि बाद झालेली मुलं जिथे बसत, त्या कट्ट्यावर जाऊन बसले. अंधार पडायला लागल्यावर गार्ड आला आणि म्हणाला, "अंकल, अंदर जाइए, हवा ख़राब है." त्यांनी हो म्हटलं आणि बसून राहिले.