गाडीतलं लायसन

गेली अकरा वर्षं पिकअप तानुबाई चालवत होती आणि लायसन जोतीरामकडं होतं. यात काही चुकतंय असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. गाडीला स्टेपनी लागते, जॅक लागतो, तसंच लायसन लागतं, आणि ते गाडीत कुठंतरी असलं की झालं, अशी म्हसवडजवळच्या त्यांच्या वाडीत सगळ्यांचीच समजूत होती. जोतीराम शेजारच्या सीटवर बसायचा, शर्टाच्या खिशात लायसन ठेवायचा आणि वाटभर "सावकाश", "हॉर्न दे", "म्हस हाय म्हस" असं सांगत राहायचा. तानुबाई त्यातलं एक ऐकायची नाही.

तिला गाडी शिकवली होती पोरानं, दिग्विजयनं. तो फौजेत गेला आणि मेंढरं बाजारला न्यायला कुणी उरलं नाही. जोतीराम काही चाकावर बसेना. "मला उनाचं नीट दिसत न्हाई," म्हणायचा. पावसाळ्यात विचारलं तर "निसरडं हाय" म्हणायचा. शेवटी तानुबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि चावी फिरवली.

त्या शनिवारी दोघं बारा मेंढरं भरून आटपाडीच्या बाजारला निघाले होते. सातारा जिल्हा संपून सांगली लागते त्या वळणावर पोलिसांनी लोखंडी अडसर लावले होते. एका तरुण पोरीनं हात दाखवला. वर्दीवर नाव होतं, प्रांजल.

"मावशी, लायसन दाखवा."

तानुबाईनं न बघताच शेजारी हात पसरला. जोतीरामनं खिशातून लायसन काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते खिडकीतून पुढं केलं.

प्रांजलनं फोटोतल्या मिशा बघितल्या, मग तानुबाईकडं बघितलं. "हे कुणाचं?"

"आमच्या मालकांचं."

"आणि तुमचं?"

"एका गाडीला किती लागत्यात?" तानुबाईनं अगदी मनापासून विचारलं.

"गाडीला नाही हो मावशी, माणसाला लागतं. जो चालवतो त्याच्याकडं पाहिजे." प्रांजलनं पावतीचं यंत्र काढलं. "दंड तर होणारच. पण काकांकडं लायसन आहे ना? मग इथून पुढं काकांना चालवू दे."

तेवढ्यात मागं एक मेंढरू ओरडलं.

"आवं, उतरा की," तानुबाई म्हणाली.

जोतीराम उतरला. गाडीला वळसा घालायला त्याला लय वेळ लागला. चाकावर बसून त्यानं आधी आरसा पुसला, मग काच पुसली, मग पुन्हा आरसा पुसला. चावी फिरवली. गिअर टाकताना असा आवाज आला की पलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मग गाडी निघाली, पण मागं. हळूच जाऊन तिनं पोलिसांचा अडसर आडवा केला आणि बंद पडली.

प्रांजलनं जोतीरामचं लायसन पुन्हा मागून घेतलं आणि या वेळी नीट वाचलं.

"काका, हे चार वर्षांमागंच संपलंय."

"संपलंय? त्ये काय घासलेट हाय संपायला?"

"तारीख बघा. पन्नास वर्षं झाली तेव्हाच मुदत संपली तुमची." तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "म्हणजे आता या गाडीत लायसनवालं कुणीच नाही. गाडी हलवायची नाही. लायसनवाला माणूस बोलवून घ्या."

असा माणूस म्हणजे पुतण्या धुळा. त्याला फोन लावला तर तो सांगलीला हळद भरायला गेलेला. संध्याकाळी येऊन गाडी घरी नेतो म्हणाला. बाजार तर दुपारीच उठणार होता.

तानुबाई कमरेवर हात ठेवून रस्त्याकडं बघत राहिली. आटपाडी अजून पंधरा किलोमीटर होती.

"पोरी," तिनं प्रांजलला विचारलं, "मेंढरं चालवायला लायसन लागतं का?"

प्रांजलला हसू आवरेना. "त्याला नाही लागत."

"मंग खाली घ्या हो त्यास्नी," तानुबाई नवऱ्याला म्हणाली.

बारा मेंढरं डांबरी रस्त्याच्या कडेनं चालत आटपाडीला गेली. जोतीराम पुढं आणि तानुबाई मागं. बाजार मोडायच्या बेतात असताना ती पोचली. पंधरा किलोमीटरमध्ये तानुबाई एकच वाक्य बोलली. "अकरा वरसं मला म्हस दावत हुता तुमी."

पुढच्या आठवड्यात ती लायसन काढायला निघाली. म्हसवडला झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसानं तिला वाटेतच गार केलं. "पिकअपला पिवळी पाटी हाय. धंद्याचं लायसन येगळं असतंय. त्याला आठवी पास लागतंय, मावशी." तानुबाई चौथीपर्यंतच शिकलेली. चार दिवस तिनं गाडीकडं ढुंकून बघितलं नाही. पाचव्या दिवशी सून राणी म्हणाली, "आत्या, दुकानदाराला काय इचारायचं? थेट साताऱ्याला जाऊन साहेबालाच इचारू."

साताऱ्याच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आठवीची अट कधीच गेली, बाई. आणि पिकअप मालाची असली तरी हलकी गाडी आहे. साडेसात टनांच्या आतली गाडी हलक्या लायसनवर चालते. मोठा ट्रक चालवायचा असेल तर मात्र वेगळं. त्याला आधी हलक्याचं वर्षभराचं लायसन लागतं. ट्रक चालवायचाय का?"

"आधी पिकअपचं तर द्या," तानुबाई म्हणाली. "ट्रकाचं मागनं बघू."

जोतीरामची मुदत संपून वर्षापेक्षा जास्त काळ झाल्यामुळं त्यालाही सगळी परीक्षा नव्यानं होती. दोघं चाळिशीच्या पुढचे, म्हणून डॉक्टरचा दाखला लागला. डॉक्टरनं जोतीरामचे डोळे तपासले आणि "तरण्या पोराची नजर आहे तुमची" म्हणून कौतुक केलं. तानुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. जोतीराम भिंतीवरचा तक्ता बघत राहिला.

लर्निंगची परीक्षा कॉम्प्युटरवर होती. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर पाहिजेत. राणीनं दोघांकडून मोबाईलवर तयारी करून घेतली होती. जोतीरामनं सगळं पाठ केलं आणि चौदा मिळवले. तानुबाईचं गाडं अडलं ते एका प्रश्नावर. रस्त्यात जनावरं आडवी आली तर काय कराल? उत्तरं तीन होती: हॉर्न वाजवून पुढं जाणार, वेग वाढवणार, गाडी थांबवणार.

"ह्यातलं एकबी खरं न्हाई," ती तिथल्या बाईंना म्हणाली. "नुसतं थांबून काय हुतंय? खाली उतरायचं, म्होरक्या बकऱ्याचं शिंग धरून कडंला न्यायचं. बाकीची आपुआप येत्यात."

"मावशी, तीनपैकीच एक दाबायचंय. वेळ चाललाय."

वेळ गेलाच. ती एका गुणानं नापास झाली. परतीच्या एसटीत जोतीराम खिडकीशी बसून शीळ घालत होता. पुढच्या खेपेला मात्र तिनं मुकाट्यानं "थांबवणार" दाबलं आणि बारा गुण घेऊन आली.

मग महिनाभर एल लावून सराव. शिकणाऱ्याच्या शेजारी लायसनवाला लागतो, म्हणून धुळाला बसवलं. तानुबाई चालवायला लागली की तो शेजारी खुशाल डुलक्या घ्यायचा. जोतीरामच्या शेजारी बसून तिसऱ्या दिवशी त्यानं हात जोडले. "नाना, लगीन व्हायचंय माजं अजून."

ट्रायलच्या दिवशी तानुबाईनं गाडी आठच्या आकड्यात अशी फिरवली की रांगेतली पोरं बघत राहिली. फक्त वळताना ती खिडकीतून हात काढून "हुर्र, हुर्र" करत होती.

"इंडिकेटर का नाही लावत?" साहेब म्हणाले.

"त्यो चालतोय व्हय? मला वाटलं, त्यो शोभंला हाय."

साहेबांनी इंडिकेटर लावून पुन्हा एक फेरी मारायला लावली आणि पास केलं. जोतीरामची गाडी चढावर मागं घरंगळली. साहेब म्हणाले, "सात दिवसांनी या."

ते घरी आले तेव्हा राणी पेढे घेऊन दारात उभी होती. जोतीरामनं पेढा घेतला, खाल्ला, आणि मेंढरांच्या वाड्याकडं जाऊन बसला. थोड्या वेळानं तानुबाई तिथं गेली.

"मला गाडीचं भ्या वाटतंय, तानू," तो मेंढरांकडं बघत म्हणाला. "बावीस वरसांमागं लायसन काढलं त्याच महिन्यात मी शेजारच्या आप्पासोची जीप घेऊन आलतो. ब्रेक म्हणून दुसरंच काय दाबलं आणि कडब्याच्या गंजीत घुसलो. गंजीपलीकडं आई शेंगा निवडत बसलेली. सगळी गंज तिच्यावर."

"आणि?"

"आणि काय, कडब्यातनं बाहीर आली आन् मला हानलं. कुणाला सांगू नगं म्हणाली. तवापासनं चाक धरलं की म्होरं गंजच दिसती."

तानुबाईला हसू येत होतं, पण तिनं ते गिळलं. बावीस वर्षं या माणसानं ऊन आणि पाऊस आलटून पालटून पुढं केला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"उद्या माळावर चला," ती म्हणाली. "तिथं गंज न्हाई, आई न्हाई, झाडसुदीक न्हाई. शेजारी मी बसती. लायसन झालंय आता माजं."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला माळावर नेलं. पहिले दोन दिवस गाडी नुसती उड्या मारत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं तिसरा गिअर टाकला आणि स्वतःच घाबरून थांबला. ती ओरडली नाही. मेंढरू पहिल्यांदा पाण्यात उतरवताना जसा पाठीवर हात ठेवतात, तसा तिनं त्याच्या पाठीवर ठेवला. चढाची सवय व्हावी म्हणून ओढ्याच्या काठावर तिनं त्याला शंभर वेळा चढवलं आणि उतरवलं. तिसऱ्या ट्रायलला जोतीराम पास झाला. साहेबांनी नाव पुकारल्यावर त्यानं पायातलं काढून त्यांना नमस्कार केला.

पुढच्या शनिवारी पहाटे मेंढरं भरून झाली. तानुबाई चहा पिऊन बाहेर आली तर जोतीराम आधीच चाकावर बसलेला.

"उतरा," ती म्हणाली. "उशीर हुईल."

"न्हाई. आज मी."

"तुमच्यासंगं गेलो तर बाजार सोमवारी घावंल."

"घावू दे सोमवारी."

राणी दारात उभी राहून हसत होती. तानुबाईनं मागचं फळकूट ओढून बघितलं, मेंढरं मोजली आणि पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसली. ही बाजू तिला नवी होती. पाय कुठं ठेवावेत ते कळेना.

गाडी पहिल्या गिअरमध्ये वाडीबाहेर पडली आणि पहिल्या गिअरमध्येच बराच वेळ चालली.

"दुसरा टाका की आता," तानुबाई म्हणाली.

"टाकतो," जोतीराम म्हणाला. "कुत्रं जाऊ दे आधी."

कुत्रं शेताच्या पार पलीकडल्या बांधावर झोपलं होतं. तानुबाईनं ते बघितलं, आणि पदराच्या गाठीतला पानाचा विडा सोडून तोंडात टाकला.