त्याचं नाक बंद आहे

संगमनेर रस्त्यावरच्या वाइनच्या कारखान्यात पिंपं हुंगायची आणि चाखायची नोकरी माझ्या नवऱ्याची, पीटरची. माल बाटलीत भरायचा की नाही, ते त्यांच्या नाकावर ठरायचं.

नव्व्याण्णव साली आमची एक बाटली कुणी फ्रेंच पाहुणे घेऊन गेले. त्यांचा अभिप्राय फ्रेंचमध्ये आला, मालकांच्या कॉम्प्युटरने त्याचं इंग्रजी केलं, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून तो कागद माझ्या गळ्यात पडला.

भाकरी थापता थापता मी मोठ्याने मराठी करत होते. "'त्याने डाळिंबी झगा घातला आहे. तो प्रामाणिक हल्ला करतो. त्याचं तोंड मांसल आहे. पेल्यावर तो सुंदर अश्रू ढाळतो.' अहो, ही वाइन हाय का तमाशातला राजा?"

पीटरही पोट धरून हसले. मी पुढचं वाचलं, "'त्याचं नाक बंद आहे.'"

त्यांचं हसू मावळलं. "त्यांना कुनी सांगितलं?"

"काय?"

"माझ्या नाकाचं."

मग त्यांनी कबूल केलं, नाताळातल्या तापापासून त्यांना कशाचाच वास येत नव्हता. परवा त्यांच्या शेजारी दूध करपलं, तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले होते. इतके दिवस पिंपापुढे ते नुसत्या अंदाजाने मान हलवत होते. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"अहो, ते वाइनचं लिहिलंय. नाक म्हंजे तिचा वास, अजून खुलला न्हाई. मशीननं वाइनलाच बाप्या केलंय."

 फडताळात त्यांनी याच आठवड्यात पास केलेल्या मालाची नमुन्याची बाटली होती. जन्मात कधी न शिवलेलं ते बूच मी काढलं आणि हुंगलं.

"कशी हाय?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "पार शिरका झालाय."

"उद्या बाटल्यांत भरनार हायेत ती." ते खाली बसले. "अगं प्रार्थना, मालकापुढं माझ्या तोंडातून शब्द न्हाई फुटायचा. तेवढी नाकाची ओळ मराठीत लिहून दे, कागदच देतो त्यास्नी."

कागदाच्या मागे मी लिहिलं, त्याचं नाक बंद आहे.

"त्याच्याफुडं काय हुतं?"

"'दोन वर्षं वाट पाहा. उघडेल.'"

"ते बी लिव्ह."

ती ओळ वाइनची होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी लिहिली.