रिकामे फुगे

तीस वर्षं मुलांच्या एका साप्ताहिकात चित्रकथांचे संवाद सुबक हस्ताक्षरात लिहिणाऱ्या बाईंना सगळे अक्षरताईच म्हणत. चित्रं एक चित्रकार काढायचे. त्यातल्या माणसांना वाचा फुटायची ती ताईंच्या टाकातून.

साप्ताहिक बंद पडून जमाना झाला, चित्रकारही गेले. एके दुपारी चित्रकारांची मुलगी मूळ चित्रांचा गठ्ठा घेऊन ताईंच्या दारात उभी राहिली. "मावशी, याचं पुस्तक निघतंय. पण बघा ना, काय झालंय!"

ताईंनी चष्मा लावला. संवाद वेगळ्या कागदावर लिहून पात्रांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांत चिकटवायचे, अशी तेव्हाची पद्धत. डिंक वाळला, चिठ्ठ्या गळून हरवल्या. माणसं नुसतीच तोंड उघडून उभी! छापील अंकही वाळवीनं खाल्ले होते.

"कोण काय बोलत होतं, आठवतंय काही?"

"फुगाच सांगतो की! हा काटेरी, म्हणजे सरदार खेकसतोय. हा तुटक रेघांचा, म्हणजे कुजबुज. आणि या टीचभर फुग्यात तुझ्या बाबांना अख्खं भाषण हवं होतं! मी म्हटलं, आधी तुमच्या सरदाराला श्वास घ्यायला जागा द्या. आठवडाभर अबोला धरला होता माझ्याशी." ताई खुदकन हसल्या.

हात आता थरथरायचा. तरी टाक शाईत बुडाला आणि अक्षरं उतरू लागली. किंकाळीची ताठ, जाडजूड. रडक्या राजपुत्राच्या वेलांट्या ओघळलेल्या. मुलगी रोज दुपारी यायची, शिसपेन्सिलीनं रेघा आखून द्यायची.

वादळातल्या होडीच्या पानावर मात्र ताई अडल्या. म्हातारा नावाडी नातीला काहीतरी सांगत होता. फुगा साधा, गोल. काही केल्या आठवेना.

मुलगी चित्रावर वाकली. मग घोगरा आवाज काढून म्हणाली, "'रडतेस कशाला, वेडाबाई? वल्हं धर. दोघं मिळून नेऊ.' बाबा हे पान मला वाचून दाखवायचे."

"पुन्हा म्हण," ताई म्हणाल्या. "सावकाश. त्यांच्यासारखंच."

ती म्हणत गेली, ताई लिहीत गेल्या. 'वल्हं'वर हात हलला, शिरोरेघ वाकडी झाली.

"थांब, दुसरी चिठ्ठी करते."

"राहू दे, मावशी. होडी हलतेय ना!"

पुस्तक निघालं तेव्हा पहिल्या पानावर चित्रकारांच्या नावाखाली छापील टायपात ताईंचं नाव होतं. साप्ताहिकात ते कधीच छापून आलं नव्हतं. ताईंनी त्यावरून हळूच बोट फिरवलं.

"बरं आहे अक्षर," त्या म्हणाल्या. "पण मला विचारलं असतं, तर मीच लिहून दिलं असतं."